टाकी उंच, पण झरा कुणाच्या वावरात?

वडनेरहून हिंगणघाटच्या रस्त्याला लागले की गावोगावच्या पाण्याच्या टाक्या दुरूनच नजरेत भरतात. उद्घाटनाचा दगड टाकीलाच लागतो, बिलही तिचेच निघते. पण टाकी पाणी तयार करत नाही. तिच्या उंचीने नळाला दाब मिळतो, एवढेच तिचे काम. पाणी येते विहिरीतून आणि विहिरीत मुरते ते आमच्या वावरातून.

जुन्या कारागिरांना हे पक्के ठाऊक होते. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की लोक तिकीट काढून पाहतात. डोंगराकडचे पाणी बंद नळातून येते, आपल्याच दाबाने उंच भिंतीवर चढते आणि वरून हौदात कोसळते. त्याच पाण्यावर जाते फिरत असे. ना इंजिन, ना वीज. त्याही आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, मलिक अंबरने जमिनीत मुरलेले पाणी भूमिगत नहरीत गोळा करून शहरात आणले. नळातली हवा सुटावी, दाब आवरावा म्हणून वाटेत उंच खांब बांधले. पाहणाऱ्याला खांब दिसतो. खरी करामत जमिनीखाली आहे. जिथे बांधकामांनी नहर फोडली, तिथे खांब नुसता शोभेचा उरला.

याच मलिक अंबरने जमीन मोजून, तिचा कस पाहून सारा बांधला आणि साऱ्याची इजारेदारी मोडली. आज पाण्याची योजना ठेकेदारापासून सुरू होते आणि बहुधा त्याच्यापाशीच संपते. उन्हाळ्यात विहीर आटली की टाकी कोरडी आणि बायाबापड्यांच्या डोक्यावर पुन्हा गुंड.

आता हिशेब पाहा. एका एकरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, की सुमारे 1 लाख लिटर पाणी झाले. म्हणजे एक एकर, एक दमदार पाऊस, एक टाकी! ते नाल्याला वाहून गेले तर सोबत काळी मातीही जाते. उताराला आडवी पेरणी, धुऱ्याला बांध, पऱ्हाटीत शेवटच्या डवरणीला डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळून पाडलेल्या सऱ्या, एवढ्याने त्यातले बरेच पाणी वावरातच मुरते. ज्वारी तगते, बोंड भरते आणि गावच्या विहिरीलाही आधार होतो.

पण ही कामे फुकट होत नाहीत. कापसाचा भाव पाडायचा, कास्तकाराच्या हाती बांध घालायलाही पैसा उरू द्यायचा नाही आणि वर त्यालाच पाणी जिरवण्याचा उपदेश करायचा, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत आमच्या दोनच मागण्या राहतील. टाकीचा पैसा मंजूर होण्याआधी तिच्या विहिरीचा उन्हाळ्यातला झरा गावासमोर मोजला जावा. आणि ज्याच्या वावरात गावाचे पाणी मुरते, त्याला बांधबंदिस्तीची पुरी मजुरी मिळावी.

ही भीक नव्हे, पाण्याचा भाव आहे. बैठकीला येताना आपल्या गावच्या विहिरीची खोली आणि वैशाखातले पाणी मोजून आणा.