पिशव्यांपाशी कोण बसणार?

उन्हाळ्याची सुटी लागली की घरोघरी लेकरांचा एकच धोशा असतो, कुठेतरी न्या. आमच्या घरीही गेल्या मे महिन्यात तेच झाले. मुलगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, मुलगा सातवीत. दोघांनी मोबाईलवर नागपूरकडच्या एका वॉटर पार्कची चित्रे पाहून ठेवली होती. रंगीत नळ्यांतून माणसे घसरत येतात, लाटांच्या तलावात डुंबतात, हे पाहून अनसिंगच्या 44-45 अंशांच्या उन्हात कोणत्या लेकराच्या तोंडाला पाणी सुटणार नाही? आमच्या लहानपणी मुंबईचे एस्सेलवर्ल्ड, 1989 साली निघालेले, टी.व्ही.च्या जाहिरातीतच पाहावे लागले. पाहायचेही दुसऱ्याच्या ओट्यावर बसून. तेव्हा लेकरांना नाही म्हणायला जीभ वळेना.

ताईच्या घरचे चौघे, आमच्या घरचे पाच, अशी नऊ माणसे जमली आणि एक क्रूझर ठरवली. आमची आई यायला तयार नव्हती. "मले काय करा लागते तेथं? म्या कोठं पाण्यात उतरतो?" असे ती म्हणाली. पण सत्तरीची म्हातारी एकटी घरी ठेवायची कशी, म्हणून आग्रह करून घेतली. पहाटे साडेचारला निघालो. शेलुबाजारपाशी समृद्धी महामार्गाला लागलो. डिसेंबर 2022 पासून हा रस्ता सुरू झाल्यामुळे आमच्या वाशीम जिल्ह्याला नागपूर जवळ आले, हे मान्य केले पाहिजे. दहाच्या आत पार्कच्या दारात उभे होतो.

आम्ही पडलो कारकून, त्यात बी.कॉम. हिशेब डोक्यातून जात नाही. तिकीट माणशी 700, आईचे निम्मे म्हणजे 350. आठ मोठी तिकिटे आणि तिचे एक मिळून 5,950 रुपये दारातच गेले. गाडीभाडे व टोल वेगळा. आत गेल्यावर कळले की साध्या सुती कपड्यांवर पाण्यात उतरू देत नाहीत. सुताचे धागे पाणी गाळणाऱ्या यंत्रात अडकतात, म्हणून नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यावे लागतात. सौ. आणि ताई आधी लाजल्या. मग एकमेकींकडे पाहून इतक्या हसल्या की विचारू नका. बावीस वर्षांच्या संसारात सौ.ला असे हसताना आम्ही फार थोडे वेळा पाहिले आहे. तेवढ्यासाठी तरी गेलो ते बरे झाले असे अजूनही वाटते.

पुढे आला लॉकरचा प्रश्न. पिशव्या, पाकिटे, मोबाईल, कोरडे कपडे ठेवायला लॉकर होते. भाडे 150 रुपये, अनामत वेगळी. आम्ही क्षणभर घुटमळलो. तेवढ्यात आईच म्हणाली, "कायले पैसे घालता? पिशव्या म्या पायतो. तुमी जा." आम्हाला तेच हवे होते. एका पत्र्याच्या शेडखाली बाकावर तिला बसवले, शेजारी पाण्याची दोन लिटरची बाटली ठेवली आणि आम्ही सगळे पाण्याकडे पळालो. 150 रुपये वाचवण्यासाठी आम्ही 350 रुपयांचे तिकीट काढून एक पहारेकरी आत नेली होती. हा हिशेब त्या वेळी आम्हाला सुचला नाही.

गर्दी म्हणाल तर जत्रेसारखी. एका घसरगुंडीसाठी चाळीस मिनिटे रांग आणि घसरणे एका मिनिटाचे. रांगेतला सिमेंटचा रस्ता तव्यासारखा तापलेला. पोरे एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारीत पुढे सरकत होती. तरी कोणी रांग सोडीना, कारण तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत. बारा वाजले, एक वाजला. मधे एकदा मुलीला आजीकडे पाठवले, तिने येऊन सांगितले, आजी म्हणते मी बरी आहे. आम्ही निश्चिंत झालो. अडीच वाजता भूक लागली तेव्हा शेडकडे वळलो.

आई खांबाला टेकून बसली होती. डोळे मिटलेले. हाक मारली तर "हं" म्हणाली, पुढे बोलेना. कपाळ घामाने डबडबलेले, पायात गोळे आलेले. उठवायला गेलो तर तिला भडभडून उलटी झाली. आम्ही बाटली उचलली तर ती जड लागली. झाकणाची सीलसुद्धा मोडलेली नव्हती. चार तास त्या पत्र्याखाली बसून तिने पाण्याचा एक घोटही घेतला नव्हता.

नशीब असे की शेजारच्या बाकावर यवतमाळकडच्या एका सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई सहकुटुंब आल्या होत्या. त्यांनी सूत्रे हाती घेतली. आईला झाडाच्या सावलीत आडवी केले, पाय थोडे उंच ठेवले, ओला टॉवेल मानेवर व काखेत ठेवला आणि आमच्या हाती जेवणाचे ताट देऊन म्हणाल्या, "घाला वारा." पार्कच्या पोराने प्रथमोपचार खोलीतून ओ.आर.एस.ची पाकिटे आणून दिली. ते पाणी घोट घोट करून पाजले. अर्ध्या तासाने आई नीट बोलू लागली. नर्सबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की, घाम येत होता आणि शुद्ध होती म्हणून निभावले. माणूस असंबद्ध बडबडू लागला, अंग भट्टीसारखे तापले, बेशुद्धी आली तर तो उष्माघात. तेव्हा तोंडात पाणी ओतत बसायचे नाही, ते श्वासनलिकेत जाते. अंगावर पाणी ओतून वारा घालीत राहायचे आणि पहिल्या मिनिटाला 108 ला फोन लावायचा.

हवामान खाते जे तापमान सांगते ते सावलीतले, खेळत्या हवेतले असते. तापलेल्या पत्र्याखाली बसलेल्या माणसाला वरून आणखी आच लागते. आम्हाला वाटले होते, सावलीत बसवली म्हणजे झाले.

संध्याकाळी गाडीत आम्ही जरा रागानेच विचारले, "माय, पाणी काहून नाही पेली?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग सौ.कडे पाहून म्हणाली, "तहान त लागली होती. पन पानी पेलं का मंग जा लागते. मुतारी तिकडं दूर, बायांची लाइन पायली ना तुमी? अन् म्या गेलो असतो त पिशव्या कोन पायल्या असत्या?" तेवढ्यावर थांबले नाही. रक्तदाबाची सकाळची गोळीही तिने घेतली नव्हती. त्या गोळीने लघवी जास्त होते, म्हणून प्रवासाच्या दिवशी ती गोळी टाळते, असे तिने सांगितले. किती वर्षांपासून? तर गोळी सुरू झाली तेव्हापासून. सौ.ला हे ठाऊक होते. ताईलाही. ठाऊक नव्हते ते आम्हा पुरुषांना. क्रूझरमध्ये त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

घरी आल्यावर हा विषय डोक्यातून जाईना. वाचता वाचता एक गंमतीची हकीकत सापडली. अमेरिकेतले ते जगप्रसिद्ध डिस्नेलँड 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियात ॲनाहाइम येथे उघडले. त्या दिवशी तिथेही असेच कडक ऊन होते, जवळजवळ 38 अंश. बोलावलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसे खोट्या तिकिटांवर आत शिरली. ताजे डांबर मऊ होऊन बायांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. पाण्याच्या तोट्या कोरड्या होत्या, कारण त्याआधी नळ बसवणाऱ्या कामगारांचा संप झाला होता आणि पिण्याच्या तोट्या की संडास, यांपैकी एकच काम वेळेत होणार होते. वॉल्ट डिस्नेने संडास निवडले. लोक चिडले, शीतपेये खपावीत म्हणून मुद्दाम पाणी बंद ठेवले असा बोभाटा झाला. आम्हाला मात्र त्या माणसाचा निर्णय पटला. आमच्या आईला विचारले असते तर तिनेही तोच कौल दिला असता.

पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर बाया बसल्या होत्या, तिथे आम्ही सौ.च्या तोंडून हा विषय काढला. आधी तोंडाला पदर लावून हसू. मग एकेक बोलू लागली. 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना रेल्वेच्या डब्यात संडासात माणसे उभी असतात, म्हणून बडनेऱ्याला प्यालेले पाणी, ते दादरलाच, असे एकीने सांगितले. दुसरी म्हणाली, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पाण्याची सोय जागोजाग असते, पाजणारे हात जोडून पाजतात, पण मी घेत नाही. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत चार-पाच तास नाचणाऱ्या पोरीसुद्धा हेच करतात. शेतात निंदायला जाणारी एक बाई म्हणाली, वावरात निदान तुरीचा आडोसा असतो, शहरात तोही नाही. एकीला वारंवार लघवीची जळजळ व ताप येतो, दरवेळी डॉक्टरकडे शे-दोनशे जातात. कमी पाणी पिणे आणि लघवी दाबून धरणे यातून हे दुखणे वाढते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

इतकी वर्षे आम्ही कार्यकर्ते म्हणून मिरवतो. सहली काढल्या, नागपूर-मुंबईच्या गाड्या भरल्या, पाण्याचे जार मोजून चढवले. चवदार तळ्याचा इतिहास लेकरांना तोंडपाठ करून घेतला. पण आपल्याच गाडीत बसलेली बाई पाणी का पीत नाही, हे एकदाही विचारले नाही. मुंबईत 2011 पासून बायांच्या संघटनांनी स्वच्छ आणि फुकट मुतारीसाठी ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालवली, तेव्हा ती बातमी वाचून आमच्यासारख्या काहींनी थट्टाही केली होती, हे कबूल केलेले बरे. आणि ऊन कोणाची गय करीत नाही. खारघरच्या मैदानावर 16 एप्रिल 2023 रोजी भर उन्हात झालेल्या पुरस्कार समारंभानंतर 14 माणसे उष्माघाताने गेली. ती सगळी कोणाची तरी आई, बाप, बहीणच होती.

आता आमच्या गाडीचा नेम बदलला आहे. दर दीड-दोन तासांनी पेट्रोल पंपावर थांबायचे, कोणी मागो न मागो. पंपावर पिण्याचे पाणी व शौचालय ठेवणे तेल कंपन्यांच्या नियमातच आहे, त्यामुळे डिझेल भरताना विचारायला लाजू नये. कोठेही पोचलो की तिकिटाआधी बायांची मुतारी कोठे आहे ते पाहून यायचे काम पुरुषाचे. लॉकर घ्यायचाच. नसेल तर पिशव्यांपाशी तासा-तासाची पाळी, आणि पहिली पाळी आमची. बारा ते चार ऊन टाळायचे, मग तिकीट वसूल होवो न होवो. पाण्यात डुंबणाऱ्या लेकरांना तहान कळत नाही, त्यांनाही बाहेर काढून पाजावे लागते. ओ.आर.एस.ची दोन-चार पाकिटे पिशवीत असावीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने वाढवू नये. साधी वाटणारी ही गोष्ट डॉ. दिलीप महालनोबीस यांनी 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत वापरली आणि हजारोंचे प्राण वाचवले. गोळीचे म्हणाल तर आईला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी प्रवासाच्या दिवशी गोळी कोणत्या वेळी घ्यायची ते लिहून दिले. नऊ वर्षांचा प्रश्न दहा मिनिटांत सुटला, फक्त विचारायचे होते.

परवा पुसदला नात्यातल्या एका मंगल परिणयाला गेलो होतो. मांडवात पंखे होते, तरी उकाडा होताच. नात पाण्याचा पेला घेऊन आली तेव्हा आईने तो हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. तिने आमच्याकडे पाहिले. "आंधी सांग, मुतारी कोठं हाय?" आम्ही उठून मंगल कार्यालयाच्या मागे जाऊन पाहून आलो. दार नीट लागते, कडी आहे, बादलीत पाणी आहे, असे येऊन सांगितले. मग तिने तो पेला रिकामा केला आणि नातीला म्हणाली, आणखी एक आन.