सन्मानाने मरण कोणाला?

भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराला डोक्याला जबर मार लागला किंवा त्याची फुप्फुसे निकामी झाली, तर त्याची फरफट ठरलेली असते. आधी इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, तेथून कळवा किंवा ठाणे, तेथेही खाट नसेल तर मुंबईचे शीव नाहीतर केईएम. खाजगीत नेले तर व्हेंटिलेटरचे बिल दिवसागणिक चढते. दागिने मोडले जातात, शेठकडून उचल घेतली जाते आणि एके दिवशी घरचे लोक कागदावर अंगठा उठवतात, की आम्ही रुग्णाला स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत. जीवरक्षक उपचार थांबविण्याचा निर्णय आपल्या वस्त्यांत असा होतो. त्याला ना वैद्यकीय मंडळ लागते, ना न्यायालय.

देशात या प्रश्नाची चर्चा पेटली ती याच केईएममधून. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच पाशवी अत्याचार झाला. त्यानंतर सुमारे ४२ वर्षे त्या अचेतन अवस्थेत होत्या. त्यांचे अन्न थांबवू द्यावे, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. मात्र काही अटींवर उपचार थांबविण्याची वाट मोकळी केली. केईएमच्या परिचारिकांचा त्या याचिकेला ठाम विरोध होता. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई गेल्या, तोवर त्यांची सेवा महापालिकेच्या या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी केली. सरकारी खाट असली की माणूस कसा जपला जातो, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा कलम २१ मधील हक्क मानला. २०२३ साली प्रक्रिया सोपी झाली. आपले इच्छापत्र आता दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. उपचार थांबवायचे तर डॉक्टरांच्या दोन मंडळांचे मत लागते.

या निकालाला आमचा विरोध नाही. बऱ्या न होणाऱ्या देहाला नळ्यांनी जखडून बिल फुगवणे ही लूटच आहे. पण ज्याला उपचार मिळालेच नाहीत, तो नाकारणार काय? त्याच कलम २१ खाली १९९६ साली पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते, की तातडीचे उपचार देणे हे सरकारी रुग्णालयाचे कर्तव्य आहे आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही. तो निकाल किती जणांना आठवतो?

बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार झाला. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. भिवंडीत मालकांनी कारखान्यांचे कागदोपत्री तुकडे पाडले. दहाच्या आत कामगार दाखवले की विम्यातून सुटका!

म्हणून मागणी साधी आहे. भिवंडीत पुरेसा अतिदक्षता विभाग हवा, घरी नेलेल्या रुग्णाच्या वेदना शमविणारी सेवा हवी. आणि अंगठा घेण्यापूर्वी डॉक्टरांनी लिहून द्यावे, की रुग्ण बरा होण्याजोगा नव्हता की पैसे संपले होते.