बाबासाहेब आपले कोण?

लष्कर भागातल्या नया बाजारात गिऱ्हाइकाशी हिंदीत भाव ठरवणारा दुकानदार घरी आईशी मराठीत बोलतो, याचे ग्वाल्हेरला नवल वाटत नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली, छावणीचेच शहर झाले आणि फौजेमागून आलेली मराठी कुटुंबे इथलीच झाली. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीपण जपले, याचा त्यांना रास्त अभिमान आहे. त्यांच्या घरांत भिंतीवर शिवाजी महाराज असतात, लोकमान्य असतात, कुठे ग्वाल्हेर घराण्याचे एखादे गवईही असतात. महाराष्ट्राबाहेर जन्मलेला आणि मराठीत अग्रलेख लिहिणारा एक थोर संपादक मात्र त्या भिंतींवर क्वचितच दिसतो. त्यांचे नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या छावणीतला. मूळ गाव कोकणातले आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत. पोटापाण्यासाठी माळव्यात आलेले हे मराठी घर बृहन्महाराष्ट्रातले नव्हे, तर कुठले? ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांचे ‘मूकनायक’ हे वर्तमानपत्र निघाले, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले आणि त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकहाती लिहून काढले. ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, ‘बहिष्कृत भारत’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. ज्या वाङ्मयावर आपण वाढलो, त्याच्याच आधाराने त्यांनी आपल्याला जाब विचारला. तो जाब आपल्या भाषेत आहे, म्हणून तो टाळायला आपल्याला सबब उरत नाही.

हे आज लिहायचे कारण याच शहरात घडले. उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा बसवण्यावरून २०२५ च्या मे महिन्यात वकिलांचे दोन गट समोरासमोर उभे राहिले. चबुतरा बांधून झाला होता, पुतळा तयार होता. पण तो ठरल्या दिवशी बसू शकला नाही. वकील संघटनेची संमती घेतली नाही, रीतसर मंजुरी नाही, असा विरोधकांचा मुद्दा होता. नियमांचा आग्रह धरण्यात गैर काहीच नाही. पण न्यायालयाच्या शब्दाचा मान राखणे म्हणजे काय, हे ज्यांच्या पुतळ्यावरून वाद झाला त्यांच्याकडूनच शिकावे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी बाबासाहेब आणि त्यांचे हजारो सोबती प्यायले. तळे नगरपालिकेचे होते आणि पालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठरावही केलेला होता. तरीही त्या दिवशी सत्याग्रहींवर लाठ्या पडल्या आणि मागाहून शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. गावोगावहून माणसे शिदोरी बांधून महाडला आली. पण त्याआधीच विरोधकांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. मंडपातली माणसे तुरुंगात जायला तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. मिरवणूक तळ्याभोवती फिरली आणि पाण्याला हात न लावता परतली. पुढे खालचे कोर्ट, अपील, मग मुंबई उच्च न्यायालय असा तो दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला. तळ्यातल्या पाण्यासाठी दहा वर्षे. हातात हजारोंचे बळ असताना न्यायालयाच्या एका कागदापुढे जो थांबला, त्याला न्यायालयाच्या आवारात जागा असावी की नाही, यावर हमरीतुमरी व्हावी, ही या शहराला न शोभणारी गोष्ट आहे.

हा नुसता पुतळ्याचा प्रश्न असता, तर इतके लिहिण्याची गरज नव्हती. २० मार्च २०१८ रोजी, महाडच्या त्याच तारखेला, कराडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अॅट्रॉसिटी कायद्याखालच्या अटकेवर बंधने घातली. त्याविरुद्ध २ एप्रिलला भारत बंद झाला आणि ग्वाल्हेर, भिंड, मुरैनात माणसे मेली. त्याच वर्षी संसदेने कायदा पूर्ववत केला. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयानेही ते निर्देश मागे घेतले. कायद्याचा शब्द परत मिळाला, गेलेली माणसे परत आली नाहीत. आणि आजही मध्य प्रदेशातल्या एखाद्या खेड्यात दलित नवरदेव घोड्यावर बसतो तेव्हा वरातीत पोलीस चालतात. ज्या रस्त्यावरून बाकी सगळे बँड लावून जातात, तिथे त्याला बंदोबस्त लागतो.

संस्थानी वैभवाच्या आठवणींत रमणाऱ्यांनी बडोद्याचीही आठवण ठेवावी. सयाजीरावांनी तरुण भीमरावाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. तो शिकून बडोद्याला नोकरीवर आला, तेव्हा त्याच शहरात त्याला राहायला खोली मिळेना आणि कचेरीतले शिपाई कागद लांबून फेकत. राजा उदार होता, पण शहर नव्हते. राजवाड्याची दारे आता सगळ्यांना तिकिटावर उघडी आहेत. प्रश्न आपल्या बिऱ्हाडांच्या दारांचा आहे: भाडेकरूचे आडनाव विचारून मगच किल्ली देणाऱ्या दारांचा.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. वकिलांच्या दोन्ही गटांनी एकत्र बसून, रीतसर मार्गाने पुतळ्याला सन्मानाची जागा द्यावी. हे काम घोषणांनी होणार नाही आणि मंजुरीची फाइल अडवून ठेवण्यानेही टळणार नाही. पण मराठी समाजाचे काम याहून वेगळे आहे आणि त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. आपल्या मंडळांत गणेशोत्सव होतो, कोजागिरी होते. तशीच १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या मराठी लेखांची बैठक व्हावी. तिथे ‘बहिष्कृत भारत’चे अग्रलेख मोठ्याने वाचले जावेत आणि ऐकायला सगळ्या वस्त्यांतले लोक असावेत. महाडहून पाण्याला न शिवता परतलेल्यांनी दहा वर्षे वाट पाहिली. आपल्याला तर फक्त आपल्याच भाषेतले एक जुने वर्तमानपत्र उघडायचे आहे.