गाडीच्या वायरी आणि घरातले विष



बाजरी आणि मका घरात आला, थंडी पडू लागली, की साक्री तालुक्यात एक तक्रार हमखास कानी येते : सकाळी गाडी सुरू होत नाही. बॉनेट उघडावे तर आत गवताच्या काड्या, चिंध्या, शेंगांची फोलपटे आणि कुरतडलेल्या वायरी. पूर्वी हे दुखणे बंगलेवाल्यांचे होते. आता आपल्या वस्तीतही कुणाची पिकअप आहे, कुणाची रिक्षा, कुणी जुनी ओमनी घेऊन भाडे मारतो. गाडी बहुधा हप्त्यावर असते. ती दोन दिवस उभी राहिली तर पिंपळनेरचा कांदा दुसरा कुणी भरून नेतो, आणि हप्त्याची तारीख मात्र पुढे सरकत नाही.

अशा वेळी रागाच्या भरात माणूस पहिली गोष्ट करतो ती ही, की दुकानातून उंदराचे विष आणतो. आज मुख्यतः त्याविषयीच लिहायचे आहे. वायर पुन्हा जोडता येते. विषाने केलेले नुकसान पुष्कळदा भरून येत नाही.

आधी उंदराचे समजून घेऊ. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, वर्षाला चार-पाच इंच. ते झिजवण्यासाठी त्याला सतत काही ना काही कुरतडावे लागते. वायरीचे आवरण त्याच्या दाताला मऊ लागते. कापणीनंतर शेतात दाणा उरत नाही, म्हणून तो वस्तीकडे वळतो. रात्री उभी केलेली गाडी आतून उबदार, अंधारी आणि मांजरापासून सुरक्षित. त्याला दुसरे काय हवे? अलीकडे काही कंपन्या वायरीच्या आवरणात सोयाबीनपासून काढलेला घटक वापरतात, त्यामुळे उंदीर येतात, असा आरोप करून २०१६ साली अमेरिकेत टोयोटा गाड्यांचे मालक कोर्टात गेले. कंपनीने तो आरोप मान्य केला नाही. पण सोयाबीन नव्हते तेव्हाही उंदीर वायरी कुरतडतच होते.

आता विषाकडे वळू. बाजारात टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये जे मलम मिळते, त्यात पिवळा फॉस्फरस असतो. लहान मुलाने ते पेस्ट समजून दाताला लावल्याच्या घटना देशात अनेक ठिकाणी घडल्या आहेत. हे विष फसवे आहे. पहिल्या उलट्या थांबल्यावर रोगी एक-दोन दिवस बरा दिसतो. घरचे म्हणतात, संकट टळले. नंतर यकृत निकामी होऊ लागते. या विषावर उतारा नाही. काळ्या पुडीतले झिंक फॉस्फाइड पोटात जाऊन विषारी वायू तयार करते. त्यालाही उतारा नाही. धान्यात ठेवायच्या गोळ्या उंदराच्या बिळात टाकणारे तर साऱ्या घराचा जीव धोक्यात घालतात. तो वायू भिंतीच्या फटीतून शेजाऱ्याच्या खोलीतही जातो. आपली घरे भिंतीला भिंत लागून आहेत, हे विसरू नये. या गोळ्यांच्या विक्रीवर सरकारी निर्बंध आहेत, तरी त्या मिळतात.

कुणाच्या पोटात विष गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढत बसू नका. विषाचे पाकीट बरोबर घ्या, १०८ क्रमांकाची गाडी बोलवा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. मूल हसत-खेळत असले तरी न्या. तिथून धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जायला सांगितले तर विलंब करू नका. डोळे पिवळे झाले म्हणून कावीळ उतरवणाऱ्याकडे नेण्यात तर एक तासही घालवू नका.

आणि एवढा धोका पत्करून उंदीर तरी संपतात का? २०१८ च्या मार्च महिन्यात आपल्या खानदेशचे आमदार एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातल्या उंदरांचा प्रश्न काढला होता. सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याचे कागदावर दिसते, हे कसे, असे त्यांनी विचारले. ही संख्या उंदरांची नसून वापरलेल्या गोळ्यांची आहे, असा खुलासा सरकारतर्फे झाला. मी कारकून माणूस. मला त्यातून एवढेच दिसते, की किती गोळ्या टाकल्या याचा हिशेब सोपा असतो, किती उंदीर उरले याचा कुणी ठेवत नाही. मुंबई महापालिकेचे कामगार काठी आणि बॅटरी घेऊन रात्र-रात्र उंदीर मारत हिंडतात. एकेकाला रात्रीत ३० उंदीर मारून दाखवावे लागतात. तरी मुंबईचे उंदीर संपले नाहीत, कारण मुंबईचा कचरा संपला नाही. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि पिले दोन-तीन महिन्यांत पुन्हा विण्याजोगी होतात. खाणे आणि आडोसा जागच्या जागी असेल, तर मारलेल्याची जागा भरायला वेळ लागत नाही.

म्हणून तोडायचे ते त्याचे खाणे आणि आडोसा. गाडी कडब्याच्या गंजीजवळ, सरपणाच्या ढिगाशी किंवा उकिरड्याला लागून उभी करू नका. माल उतरवल्यावर मागचा हौदा झाडून घ्या. सीटखाली पडलेले शेंगदाणे, मुलांची बिस्किटे काढा. कोंबड्यांचे दाणे, शेळीचा चारा रात्री उघडा ठेवू नका. गाडी रोज थोडी तरी हलवा. गाडी फार दिवस उभी राहिली की त्यात घरटे झालेच म्हणून समजा. एकदा उंदीर येऊन गेला असेल तर त्याच्या मुताच्या वासावर दुसरा येतो, म्हणून इंजिनाचा भाग मेकॅनिककडून नीट साफ करून घ्या. घरटे काढताना हातात प्लास्टिकची पिशवी घाला, तोंडाला रुमाल बांधा. कोरडे झाडू नका, आधी साबणाचे पाणी शिंपडा. उंदराच्या मुतातून लेप्टो पसरतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती.

हवा आत जाण्याच्या वाटेला बारीक लोखंडी जाळी बसवता येते. वायरींवर जाड नळी चढवता येते. तंबाखूची पुडी बॉनेटमध्ये ठेवणारे बरेच आहेत. वास उडाला की उंदीर परत येतो. डांबरगोळ्यांचा वास तर केबिनमध्ये शिरतो आणि तो मुलांना बाधतो. आवाजाने उंदीर पळवणाऱ्या यंत्रांवर पैसे घालण्याआधी हे ऐका : २००१ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा साठाहून अधिक कंपन्यांना व विक्रेत्यांना दाव्यांचा शास्त्रीय पुरावा ठेवा म्हणून ताकीद दिली होती.

पिंजरा हे साधे आणि स्वस्त साधन आहे. उंदीर नव्या वस्तूला बुजतो, म्हणून दोन रात्री पिंजरा न लावता नुसती भाकर ठेवावी, तिसऱ्या रात्री लावावा. चिकटपट्टी मात्र आणू नये. तिला अडकलेला जीव तासन् तास तडफडतो. काही भगिनी विचारतात, उंदीर मारणे पहिल्या शीलाच्या आड येते का? माझे साधे उत्तर असे, की तो येणारच नाही अशी व्यवस्था केली, तर मारण्याची वेळच कमी येते.

गाडी चालवणाऱ्या भावांना दोन शब्द. सकाळी सेल मारण्याआधी बॉनेट उघडून पाहा. पेट्रोलचा वास आला तर चावी फिरवू नका, नळी कुरतडलेली असू शकते. फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी तार लावू नका, गाड्या पेटतात त्या अशाच. उघडी वायर नुसती चिकटपट्टी गुंडाळून सोडू नका, नीट सांधून घ्या. थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीचे नुकसान धरलेले नसते. मोठा विमा असेल तर उंदराने केलेले नुकसान मिळेल का, हे विमा काढतानाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

शेवटची गोष्ट एकट्याने होणारी नाही. आपण आपली गाडी झाडली आणि गल्लीच्या तोंडाशी कचरा आठ-आठ दिवस पडून राहिला, तर उंदीर कुठे जाणार? दहा घरांच्या सह्या घ्या, कचरा व तुंबलेली गटार यांबद्दल नगरपंचायतीला किंवा ग्रामपंचायतीला अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. पंधरा दिवसांनी पोच दाखवून पुन्हा विचारा. आणि घरात फळीवर, चुलीमागे, दाराच्या चौकटीवर विषाची ट्यूब किंवा पुडी ठेवलेली असेल, तर ती आज रात्री मुले झोपण्याआधी शोधून काढा. ती चुलीत किंवा गटारात टाकू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवा आणि पुन्हा आणू नका.