प्रसूतिकक्षाच्या पलीकडे : स्त्री आरोग्यसेवेचा विस्तार म्हणजे नेमके काय?

एखाद्या जिल्हा रुग्णालयात स्त्रियांसाठी नवा कक्ष उभा राहिला, खाटांची संख्या वाढली, अशा बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून सातत्याने येत असतात. अशी प्रत्येक बातमी स्वागतार्हच आहे. मात्र या विस्ताराचे स्वरूप बारकाईने पाहिले, तर नव्या इमारतीत बहुधा प्रसूतिकक्ष, शस्त्रक्रियागृह आणि नवजात शिशूंचा विभाग आढळतो. बाळंतपण ही स्त्रीच्या आयुष्यातील मोठी आणि जोखमीची घटना असली, तरी तिचे आरोग्य तेवढ्यापुरते मर्यादित नाही. बाळंतपणाच्या आधी आणि नंतरच्या अनेक वर्षांत सरकारी रुग्णालय तिला कितपत ओळखते, हा आजचा खरा प्रश्न आहे.

स्त्रियांसाठी स्वतंत्र रुग्णसेवेची कल्पना भारतात नवी नाही. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून मुंबईत १८८६ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले आणि त्याची धुरा एडिथ पीची या महिला डॉक्टरकडे सोपवण्यात आली. त्याच वर्षी फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळवलेल्या आनंदीबाई जोशी यांची कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागासाठी निवड झाली होती; परंतु १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास स्त्रिया तयार नसत, हे त्या काळातील मुख्य कारण होते. म्हणजेच स्त्रियांना रुग्णालयापर्यंत येता यावे यासाठी रुग्णालयाने स्वतः बदलले पाहिजे, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले होते.

दोन दशकांचे यश

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना सुरू झाली, तेव्हा देशापुढील निकड स्पष्ट होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २००५-०६ च्या फेरीनुसार देशातील केवळ ३८.७ टक्के प्रसूती दवाखान्यात किंवा रुग्णालयात होत होत्या. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर पोहोचले. एक लाख जिवंत जन्मांमागे होणाऱ्या मातामृत्यूंची संख्या २००४-०६ मध्ये २५४ होती. २०१९-२१ मध्ये ती ९३ वर आली. इतक्या मोठ्या आणि विविधतापूर्ण देशात दीड दशकात झालेली ही घट असामान्य म्हटली पाहिजे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, औषधे, आहार आणि ने-आण विनामूल्य केली, तर २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमाने प्रसूतिकक्षातील सेवेच्या गुणवत्तेकडे लक्ष वेधले.

हे काम संपलेले नाही. २०१८-२० च्या आकडेवारीत केरळमध्ये मातामृत्यूंचे प्रमाण १९, तर आसाममध्ये १९५ होते. ही दरी भरून काढणे आवश्यकच आहे. परंतु या यशातून एक धडाही घेता येतो. जननी सुरक्षा योजनेत संस्थात्मक प्रसूतीचे प्रमाण कमी असलेल्या राज्यांतील ग्रामीण मातेसाठी १,४०० रुपये आणि तिला रुग्णालयात आणणाऱ्या आशा कार्यकर्तीसाठी ६०० रुपये ठरवण्यात आले. गावापासून जिल्ह्यापर्यंत प्रत्येक प्रसूतीची नोंद होऊ लागली, तिचा आढावा घेतला जाऊ लागला. ज्याची मोजदाद होते त्याच्यामागे यंत्रणा उभी राहते, हे त्यातून दिसून आले. ज्याची मोजदाद झाली नाही, ते मागे पडले.

मागे पडलेल्या गोष्टी

रक्तक्षयाचेच उदाहरण घेता येईल. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गर्भवती स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५२.२ टक्के होते. गर्भवती नसलेल्या स्त्रियांमध्ये ते त्याहून अधिक, म्हणजे ५७.२ टक्के होते. गरोदरपणात रक्ततपासणी होते, लोहाच्या गोळ्या मिळतात, गरज पडल्यास इंजेक्शन दिले जाते. मात्र मासिक पाळीत वर्षानुवर्षे अतिरिक्त रक्तस्राव होणारी चाळिशीतील स्त्री थकवा घेऊन दवाखान्यात आली, तर तिला बहुधा गोळ्यांचे पाकीटच मिळते. रक्तस्रावाचे मूळ शोधण्यासाठी सोनोग्राफी, गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी आणि पुन्हा पुन्हा भेटणारे डॉक्टर लागतात. ही सोय नसेल, तर गोळ्यांनी भरलेले रक्त दर महिन्याला वाहून जाते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची स्थिती अधिक चिंताजनक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात या रोगाचे वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळतात आणि सुमारे ८० हजार स्त्रियांचा मृत्यू होतो. हा कर्करोग होण्यापूर्वी पेशींतील बदलांना अनेक वर्षे लागतात. त्या काळात ते ओळखले, तर रोग टाळता येतो. केंद्र सरकारने २०१६ मध्येच ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याची रूपरेषा निश्चित केली होती. तरीही २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींनी आयुष्यात कधी तरी ही तपासणी करून घेतल्याचे आढळले. स्तनांची तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण एक टक्काही नव्हते.

उपाय ठाऊक नाही म्हणून हे घडते, असे म्हणता येत नाही. त्यासंबंधीचे जगभर दखल घेतले गेलेले संशोधन महाराष्ट्रातच झाले आहे. टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूसाठी केलेल्या एकाच तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, असा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईतील वस्त्यांमध्ये झालेल्या दुसऱ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी सौम्य ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाची डोळ्यांनी तपासणी केली. या साध्या आणि अत्यंत स्वस्त पद्धतीने मृत्यूंमध्ये ३१ टक्के घट झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या देशी लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. लस मुलींच्या पुढच्या पिढीला संरक्षण देईल. आज तिशी-चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांपुढे मात्र तपासणीखेरीज दुसरा मार्ग नाही.

सेवा नसण्याची किंमत

सरकारी रुग्णालयात ही सेवा नसते, तेव्हा स्त्रिया कोठे जातात, याचे उत्तर बीड जिल्ह्याने दिले. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याची वृत्ते आल्यानंतर २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. अंगावरून पांढरे जाणे, पोटात दुखणे, अनियमित रक्तस्राव यांसारख्या तक्रारी घेऊन या स्त्रिया दवाखान्यात जात. एक दिवस काम बुडाले तरी मुकादमाकडून खाड्याचा दंड बसतो, त्यामुळे वारंवार उपचारासाठी जाणे त्यांना परवडत नाही. कर्करोगाची भीती घातली गेली आणि ती भीती खरी की खोटी हे सांगणारी तपासणी जवळपास उपलब्ध नसली, तर पिशवी काढून टाकणे हाच सुटकेचा मार्ग वाटू लागतो.

हा प्रश्न एका जिल्ह्यापुरता नाही. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे ७० टक्के शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्याचे राष्ट्रीय सर्वेक्षणातून दिसते. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधील अशा तक्रारींवरून दाखल झालेल्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे निर्देश राज्यांना दिले. नियंत्रण आवश्यक आहेच. पण केवळ नियंत्रणाने रक्तस्राव थांबत नाही. येथे आरोग्य विम्याची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयात दाखल होऊन केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो. केवळ बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या व औषधे तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे शस्त्रक्रिया टाळण्यासाठी लागणारी सेवा सरकारी रुग्णालयानेच दिली पाहिजे. विमा ती देऊ शकत नाही.

आणखी एक दुखणे केस पेपरवर क्वचितच लिहिले जाते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. मार खाल्लेली स्त्री पोलिसांत जाईलच असे नाही, पण जखम बांधून घेण्यासाठी ती रुग्णालयात येते. हे ओळखून मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेने २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे समुपदेशन केंद्र सुरू केले. परिचारिका आणि डॉक्टरांनाच हिंसेची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण देणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. पुढे मुंबईतील इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे सुरू झाली. लैंगिक अत्याचार किंवा ॲसिडहल्ला झालेल्या व्यक्तीवर तातडीने मोफत उपचार करणे हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सरकारी आणि खासगी अशा सर्वच रुग्णालयांचे कर्तव्य आहे. तेव्हा अशा सेवेसाठी प्रशिक्षित मनुष्यबळ ठेवणे हा ऐच्छिक विस्तार राहिलेला नाही.

इमारतीआधी माणसे

या सर्व सेवांच्या मार्गातील मोठा अडथळा मनुष्यबळाचा आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये आवश्यकतेच्या तुलनेत सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रीरोगतज्ज्ञ कमी होते. परिणामी किरकोळ गुंतागुंत असलेली प्रसूतीसुद्धा जिल्हा रुग्णालयाकडे पाठवली जाते आणि तेथील मोजके तज्ज्ञ दिवसरात्र प्रसूतिकक्षातच गुंतून राहतात. बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसलेल्या पन्नाशीच्या स्त्रीला, जिचे अंग बाहेर येते आहे किंवा जिला रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव सुरू झाला आहे, तपासायला वेळ कोणाकडे उरणार?

यावर उपाय आहे. सर्वसाधारण प्रसूतीची जबाबदारी प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविकांवर सोपवण्याचे धोरण केंद्राने २०१८ मध्ये जाहीर केले. ते सर्वत्र अमलात आले, तर तज्ज्ञांचा वेळ इतर स्त्रियांसाठी मोकळा होईल. गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी परिचारिका करू शकतात, हे मुंबईच्या अनुभवावरून स्पष्ट झाले आहे. दोष आढळल्यास त्याच भेटीत अतिशीत किंवा उष्ण उपकरणाने बदललेल्या पेशी नष्ट करता येतात. 'पुढच्या आठवड्यात या' असे ऐकलेली मजूर स्त्री परत येईलच याची खात्री नसते. म्हणून तपासणी व उपचार एकाच दिवशी होणे ही वैद्यकीय आणि आर्थिक अशी दुहेरी गरज आहे. आणि ज्यांना पुढील उपचार हवेत, त्यांच्यासाठी ऊतींची तपासणी, कर्करोग केंद्राशी जोडणी आणि पाठपुरावा करणारी व्यक्ती, ही साखळी अखंड हवी. साखळीचा शेवटचा दुवा नसेल, तर तपासणी शिबिरे स्त्रियांच्या हाती केवळ भीती देऊन जातात.

म्हणूनच यापुढे स्त्री आरोग्यसेवेचा विस्तार किती खाटांनी झाला, एवढेच विचारून भागणार नाही. जिल्ह्यातील तिशी ओलांडलेल्या किती स्त्रियांची तपासणी झाली, दोष आढळलेल्यांपैकी किती जणींचे उपचार पूर्ण झाले, किती जणींची गर्भाशये काढली गेली आणि कोणत्या कारणासाठी, याची मोजदाद प्रसूतींच्या नोंदीइतक्याच काटेकोरपणे झाली पाहिजे. मातामृत्यू रोखण्यासाठी देशाने जी चिकाटी दाखवली, तीच येथेही उपयोगी पडेल. बाळंतपणात वाचवलेली आई वीस वर्षांनी टाळता येण्याजोग्या कर्करोगाने दगावत असेल, तर आधी मिळवलेले यश अपुरेच ठरते. माता म्हणून रुग्णालयाच्या दारात सन्मानाने घेतलेल्या स्त्रीला, ती माता असो वा नसो, त्याच दारातून आयुष्यभर आत येता आले पाहिजे.