आश्रित संगीत

२०२० सालच्या मार्चमध्ये, सेंट पॅट्रिकचा राष्ट्रीय सण अवघ्या दोन दिवसांवर आला असताना, आयर्लंड सरकारने कोविडच्या साथीमुळे देशातील यच्चयावत पब बंद करण्यास सांगितले. डब्लिनच्या टेंपल बार भागातील एका पबात खांद्याला खांदा लावून गाणाऱ्या गर्दीचे चित्रण त्याच सुमारास देशभर पसरले होते आणि लोकमत प्रक्षुब्ध झाले होते. ज्या पबांना पिढ्यानुपिढ्या केवळ नाताळ आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी कायद्याने कुलूप लागे, आणि त्यांतलीही गुड फ्रायडेची बंदी २०१८ साली उठली होती, त्यांना आता बेमुदत कुलूप लागले. हा निर्णय ज्यांच्या कारकिर्दीत झाला ते तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर यांचे पितृघराणे मालवण तालुक्यातील वराड गावचे. जेमतेम तीन महिन्यांपूर्वी ते सहकुटुंब त्या गावी येऊन गेले होते. त्यामुळे त्या दूरच्या बेटावरील घडामोडींकडे आपल्याकडचे, विशेषतः कोकणातले, लक्ष थोडे अधिक होते.

निर्णय योग्यच होता, हे प्रथम निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. ज्या रोगाचा प्रसार श्वासावाटे होतो, त्याच्या साथीत बंद खोलीत तासन् तास गात बसणे म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळणे होते, आणि गायकवादकांनीही याबाबत तक्रार केल्याचे दिसत नाही. माझे म्हणणे निराळे आहे. पबांची दारे लागताच आयर्लंडचे पारंपरिक संगीत एकाएकी निराधार झाले, आणि ते तसे झाले याचे कारण साथीत नसून त्यापूर्वीच्या शंभर वर्षांच्या राज्यकारभारात आहे. शासनाने, धर्मसंस्थेच्या आग्रहाखातर, या संगीताला त्याच्या घरातून बाहेर काढले; ते मद्याच्या दुकानात आश्रयाला गेले; आणि पुढे मद्याच्या कायद्यानेच त्याचे बरेवाईट ठरू लागले.

हे नीट समजण्यासाठी तेथील ‘सेशन’ कसे चालते ते पाहावे लागेल. पबाच्या एका कोपऱ्यात चारसहा माणसे गोल करून बसतात. कोणाजवळ फिडल, कोणाजवळ लाकडी बासरी किंवा टिन व्हिसल, कोणाच्या मांडीवर बोरान नावाचा चामड्याचा एकतोंडी डफ, तर कोणाच्या काखेत इलन पाइप्स ही आयरिश मशकबीन, जिच्या वादनकलेला युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. रंगमंच नसतो, तिकीट नसते, समोर स्वरलिपीचा कागद नसतो. एकाने रील किंवा जिगसारखी नाचाची धून सुरू करावी, ज्यांना ती ठाऊक असेल त्यांनी सामील व्हावे, ज्याला ठाऊक नसेल त्याने ऐकत बसावे आणि दहाव्या-विसाव्या खेपेला ती त्याच्या बोटांत आपोआप उतरावी, असा हा क्रम असतो. सत्तरीचा शेतकरी आणि सोळा वर्षांची विद्यार्थिनी एकाच वर्तुळात बसतात. पबमालक एकदोघा जाणत्या वादकांना सेशन चालवण्याबद्दल थोडेफार मानधन देतो, बाकीचे केवळ आनंदासाठी येतात. म्हणजे ही मैफल असते, पाठशाळा असते, आणि एकाकी राहणाऱ्या वृद्धाला आठवड्यातून एकदा चार माणसांत आणून बसवणारी ती एक सामाजिक व्यवस्थाही असते.

पण हे पबातले सेशन काही फार पुरातन नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत क्लेअर, केरी, मेयो या पश्चिमेकडील परगण्यांत संगीताची जागा होती ती शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात. टेबल-खुर्च्या भिंतीला सरकवून फरशीवर नाच होई, आणि उन्हाळ्यात तोच नाच चव्हाट्यावर, रस्ते जेथे एकमेकांना छेदतात तेथे होई. आयरिश कॅथलिक धर्माध्यक्षांनी १९२५ साली नृत्यातील कथित अनाचाराविरुद्ध एक खरमरीत जाहीरनामा काढला, तो चर्चचर्चमधून वाचला गेला. आणि दहा वर्षांनी, १९३५ साली, डी व्हॅलेरांच्या सरकारने सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा संमत करून जिल्हा न्यायालयाच्या परवान्यावाचून सार्वजनिक नाच भरवण्यास मनाई केली. कायद्याचा शब्द घरगुती नाचाला लागू होता की नव्हता याचा खल पुढे पुष्कळ झाला. पण गावोगावच्या धर्मगुरूंनी व पोलिसांनी त्याचा अंमल घराच्या उंबरठ्याच्या आत नेला हे मात्र खरे. क्लेअरमधील थोर फिडलवादक ज्युनिअर क्रेहन यांनी ही हानी स्वतः अनुभवली होती आणि अखेरपर्यंत ते तिच्याविषयी तळमळीने बोलत राहिले. लीट्रिम परगण्यातील जिमी ग्राल्टन याने तर आपल्या गावी लोकांसाठी नाचाचे आणि शिकण्याचे एक सभागृह उभारले. त्याच्या साम्यवादी मतांमुळे आणि या सभागृहामुळे तो धर्मसत्तेच्या डोळ्यांवर आला, आणि १९३३ साली त्याला त्याच्याच जन्मभूमीतून हद्दपार करून अमेरिकेला धाडण्यात आले. राष्ट्राच्या अध्यक्षांनी या अन्यायाबद्दल जाहीर खेद व्यक्त करायला २०१६ साल उजाडावे लागले.

घर बंद झाले, तेव्हा नाच तिकिटाच्या सभागृहात गेला. तेथे मोठ्या वाद्यवृंदांची सद्दी सुरू झाली आणि एकट्यादुकट्या फिडलवाल्याला तेथे जागा राहिली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात मजुरीला गेलेल्या आयरिश लोकांनी, भाड्याच्या खोलीत माणसे जमवण्याची सोय नसल्यामुळे, लंडनच्या कॅम्डेन टाउनसारख्या वस्तीतील पबांत वाद्ये काढली. तीच रीत पन्नास-साठच्या दशकांत स्वदेशी परतून दृढ झाली, आणि डब्लिनच्या मेरियन रो वरील ओ'डोनहूज या पबातून ‘द डब्लिनर्स’सारखा जगप्रसिद्ध गायकवृंद निघाला. मद्य आणि संगीत यांची जोडी म्हणजे आयरिश स्वभावच, असे जगभर मानले जाते व पर्यटनखातेही त्याचा डांगोरा पिटते. परंतु ही जोडी कायद्याने आणि स्थलांतराने लावून दिलेली आहे, हे या इतिहासावरून उघड होते.

महामारीत या जोडीची किंमत मोजावी लागली. २९ जून २०२० पासून पब उघडण्याची मुभा मिळाली ती ज्या पबांत जेवण मिळते त्यांनाच. मद्याच्या जुन्या कायद्यातील भरपेट जेवणाची व्याख्या पुढे आणून ते जेवण किमान नऊ युरोंचे असावे आणि पाहुण्याने १०५ मिनिटांत उठावे, असे दंडक घातले गेले. ज्या साध्या पबांत स्वयंपाकघर नव्हते, आणि गावाकडची सेशने बहुधा असल्याच पबांत होत, ते बंदच राहिले. डब्लिनबाहेर त्यांना २१ सप्टेंबर २०२० ला थोडक्या दिवसांपुरती सवलत मिळाली, राजधानीत तीही नाही. जेथे पाने मांडली गेली तेथेही वादनाला मनाई होती, कारण संगीत असले की माणसे आवाज चढवून बोलतात आणि संसर्ग वाढतो. हे शास्त्रीय कारण मला मान्य आहे. मात्र सारी चर्चा आदरातिथ्याच्या व्यवसायाची, त्याच्या नुकसानीची, त्याच्या तासांची झाली. संगीत हे त्या व्यवसायाचे एक कलम म्हणूनच दरबारी कागदावर उरले. नाइटक्लबांचे हाल याहून अधिक झाले. सुमारे एकोणीस महिन्यांनी, २२ ऑक्टोबर २०२१ ला, ते उघडले, आणि दीड महिना होतो न होतो तोच ७ डिसेंबरला पुन्हा बंद झाले. ‘गिव्ह अस द नाइट’ ही चळवळ, जी रात्रीच्या संस्कृतीसाठी महामारीपूर्वीपासून भांडत होती, तिचे म्हणणे असे होते की एका रात्री उशिरापर्यंत नाच चालवायचा तर न्यायालयाकडून दर वेळी ४१० युरो भरून खास परवानगी काढावी लागे, आणि असा देश तरुणांच्या रात्रीला गुन्ह्याच्या संशयानेच पाहतो. हे म्हणणे १९३५ च्या कायद्याचा इतिहास जाणणाऱ्याला अतिशयोक्त वाटणार नाही.

बंद दारांआड काय झाले याकडेही पाठ फिरवता येत नाही. सत्तरीवरील सर्व नागरिकांना घराबाहेर न पडण्याचा सल्ला होता, आणि परंपरेच्या जुन्या चाली ज्यांच्या कंठात व बोटांत होत्या ते बहुतेक याच वयाचे. पडद्यावर शिकवण्या झाल्या, पण दूरध्वनीच्या तारेतून येणारा सूर क्षणभर मागे राहतो, त्यामुळे रीलच्या गतीत दोघांना एकत्र वाजवणे अशक्य होते. गुरूने वाजवावे व शिष्याने आवाज बंद करून मागे-मागे जावे एवढेच शक्य होते. १९५१ पासून चालत आलेला ‘फ्ला कोल’ हा पारंपरिक संगीताचा महोत्सव २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे मलिंगार येथे भरू शकला नाही. मद्य मात्र थांबले नाही, ते घरात गेले. आणि घरात कोंडलेल्या स्त्रियांवरील अत्याचाराचा प्रश्न असा तीव्र झाला की २०२० च्या जूनमध्ये एकोणचाळीस आयरिश गायिकांनी एकत्र येऊन, आपापल्या घरातून ध्वनिमुद्रण करून, एक गीत प्रसिद्ध केले व त्याचे उत्पन्न पीडित स्त्रियांसाठी झटणाऱ्या ‘सेफ आयर्लंड’ या संस्थेला दिले. पबातील गोलाची माझ्याकडून स्तुती होत असली, तरी त्या गोलाभोवतीच्या मद्यपानाने किती संसार उद्ध्वस्त केले आहेत हे विसरून ती करता येणार नाही. आणि म्हणूनच संगीताची मद्यावरील मदार सुटावी असे मला कळकळीने वाटते.

ती सुटू शकते याचा पुरावा खुद्द महामारीनेच दिला. ‘अदर व्हॉइसेस’ या संस्थेने रिकाम्या सार्वजनिक वास्तूंतून मैफली प्रक्षेपित केल्या: झांबियात जन्मलेली लिमरिकची रॅपगायिका डेनिस चायला राष्ट्रीय कलादालनात गायली, फॉन्टेन्स डी.सी. हा वृंद किल्मेनम तुरुंगात वाजला. राष्ट्राजवळ भव्य दालने आहेत, आणि त्यांत गाणे शोभते, हे दिसले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कलाक्षेत्रासाठी नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून सांस्कृतिक मंत्री कॅथरिन मार्टिन यांनी २०२२ मध्ये २,००० कलावंतांना तीन वर्षे आठवड्याला ३२५ युरो देण्याची योजना सुरू केली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात सरकारने ती पुढे कायम करण्याचे जाहीर केले. कलावंताचा वेळ म्हणजे श्रम, आणि श्रमाला वेतन हवे, हे तत्त्व एका राज्याने कृतीत आणले, याबद्दल त्याचे मनःपूर्वक अभिनंदन केले पाहिजे. पण ९,००० हून अधिक अर्जांतून निवड झाली ती चिठ्ठ्या टाकून. जे पात्र होते, पण ज्यांचे नाव निघाले नाही, त्यांना न्याय्य म्हणून काय सांगायचे?

शिवाय वेतन मिळाले तरी वाजवायचे कोठे, हा प्रश्न उरतोच. डब्लिनच्या स्मिथफील्ड भागातील ‘कॉबलस्टोन’ हा पब म्हणजे राजधानीतील पारंपरिक संगीताचे माहेरघर; महामारीच्या दुसऱ्या वर्षी तेथे बहुमजली हॉटेल बांधण्याचा अर्ज आला, ज्यात पुढचा पब राखून मागची शिकवण्यांची व मैफलींची खोली जाणार होती. लोकांनी शवपेटी खांद्यावर घेऊन शहरातून मिरवणूक काढली, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात महानगरपालिकेने अर्ज नामंजूर केला. हा विजय मोठा होता, पण तो एका जागेपुरता आणि एका अर्जापुरता होता.

२०२२ च्या ऑक्टोबरात सरकारने नव्या मद्यविक्री विधेयकाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात १९३५ चा नृत्यगृहांचा कायदा रद्द करण्याची आणि नाइटक्लबांना पहाटेपर्यंत मुभा देण्याची तजवीज आहे. या तरतुदींचे स्वागत करूनही मला असे म्हणावेसे वाटते की नृत्याचे आणि संगीताचे स्वातंत्र्य पुन्हा एकदा मद्याच्याच विधेयकात बसवले जात आहे. त्याऐवजी प्रत्येक परगण्यातील ग्रंथालये, शाळा व ग्रामसभागृहे रात्री वादकांना विनाशुल्क उघडी ठेवावीत, त्यांच्या दिवाबत्तीचा आणि एकदोन जाणत्या वादकांच्या मानधनाचा खर्च सांस्कृतिक खात्याने उचलावा, आणि या जागांना कोणत्याही मद्यपरवान्याची अट नसावी, अशी मागणी तेथील कलावंतांनी आता लावून धरली पाहिजे. पुढची साथ येईल तेव्हा ही सभागृहेही बंद होतील, पण ती पुन्हा केव्हा उघडावीत याचा हिशेब तेव्हा नऊ युरोंच्या जेवणावर होणार नाही.