आणल्या की नेल्या?

युद्धातल्या लुटीबद्दल लिहिताना आपली मराठी एक क्रियापद गुपचूप बदलते. इंग्रजांनी कोहिनूर ‘नेला’, चिमाजी अप्पांनी वसईच्या चर्चमधल्या घंटा ‘आणल्या’. पहिली लूट, दुसरे विजयचिन्ह. भाषांतरावर पोट भरणाऱ्या माणसाला ही चलाखी खपू नये. मला खपत नाही.

मी जबलपूरच्या सिविल लाइन्समध्ये राहते. या शहरात ग्रेनेडियर्सचे केंद्र आहे, म्हणजे १९६५ मध्ये पॅटन रणगाडे फोडणाऱ्या अब्दुल हमीद यांच्या रेजिमेंटचे. शत्रूकडून हाती लागलेली वस्तू कशी मांडतात, हे छावणीच्या गावाला सांगावे लागत नाही: चबुतरा, रंगाचा हात, फलक. पकडलेला पॅटन पुन्हा गोळा टाकत नाही. वस्तू मुकी झाली की विजय पुरा झाला.

नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा मात्र मुकी झाली नाही. मराठ्यांनी वसई घेतली १७३९ मध्ये. घंटेवर साल आहे १७२१, देऊळ १७४७ चे. म्हणजे घंटा देवळाहून वडील. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणिसांच्या घाटावर, १७०७ ची घंटा आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया. ही आपली सर्वांत लहान युद्धसंग्रहालये, एकेका वस्तूची. गोदेचा पूर कुठवर चढला, हे नाशिककर आजही नारोशंकराच्या घंटेवरून सांगतात. मिरवायचेच तर हे मिरवा. पण मिरवले जाते भलतेच.

‘मग काय, परत करायच्या?’ हा प्रश्न लगेच अंगावर येतो, अर्थात तोंड बंद करायला. त्याला भ्यायचे कारण नाही. बॉक्सर उठावाच्या वेळी बीजिंगच्या स्वर्गमंदिरातून इंग्रजी फौजेने उचललेली घंटा भारतात होती; ती १९९० च्या दशकात आपल्याच सैन्याने चीनला परत दिली. सैन्याची शान त्याने कमी झाली नाही. तरीही परत करा, असे माझे म्हणणे नाही. पिढ्यान् पिढ्या देवळात वाजलेली घंटा आता नाशिकचीही आहे.

माझे भांडण शब्दाशी आहे. लूट म्हणायला मराठी माणूस कधीपासून लाजू लागला? सुरतेची लूट आपण शाळेत छाती काढून शिकलो. मग वसईपाशीच जीभ का अडखळते? मला वाटते, कारण सुरत दूर आहे आणि वसई घरातली. तिथले कुपारी आणि वाडवळ ख्रिस्ती घरात मराठीच्याच बोली बोलतात. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. त्यांच्या गावावरून पाहिले तर या घंटा नेल्या, आणि तेही मराठीतच.

तेव्हा घंटेपाशी फलक लावायचा असेल, तर ‘वसईहून आणली’ असे रंगवण्याआधी मजकूर एकदा वसईतल्या कुणाला तरी वाचून दाखवा.